थंडीत हॉलमध्ये भरणाऱ्या शेतकरी बाजारातून काय घ्यावं, कसं घ्यावं?

प्रश्न बावधनच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या घराजवळच्या मंगल कार्यालयात डिसेंबरपासून दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. दोनदा जाऊन आल्या. भाव मंडईपेक्षा चढे वाटले, दोन किलो मटार आणला तो निबर निघाला, आणि ‘सेंद्रिय’ म्हणून घेतलेल्या गुळाचे तिळाचे लाडू वळलेच नाहीत. हा माल खरंच शेतकऱ्याचा असतो का, आणि तिथून काय घ्यावं, काय सोडावं, असं त्या विचारतात.

ताई, मी पुरंदरची. बारा वर्षं पुण्यात माळवं विकलं, आधी मार्केट यार्डात गाळ्यावर डाग (मालाची पोती-गाठोडी) उतरवून, मग आठवडे बाजारात स्वतः काटा धरून. गेली सहा वर्षं थंडीतले असे बाजार भरवणाऱ्या एका गटात आहे. कोणाला टेबल द्यायचं आणि कोणाला ‘पुढच्या रविवारी येऊ नका’ म्हणायचं हे माझ्याकडे असतं, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून खाते.

शेतकऱ्याचा माल असतो का, ते आधी घेऊ. काही टेबलं शेतकऱ्याची असतात. काही शेतकऱ्याचीच, पण आजूबाजूच्या चार शेतांतला माल गोळा करून आणलेला असतो. आणि कितीही चाळलं तरी एखादं टेबल पहाटे मार्केट यार्डातून क्रेट उचलून थेट हॉलवर आलेल्याचं निघतं. मधल्या प्रकाराला मी नावं ठेवत नाही. दहा गुंठे पावटा असलेल्या बाईला रविवारी पुण्याला येणं परवडत नाही, तिचा माल शेजारचा पोरगा आपल्या टेम्पोत घालून आणतो, त्यात वावगं काय? त्याने तसं सांगितलं की झालं.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा आहे. जानेवारीत एकाच टेबलावर ढोबळी मिरची, लाल गाजर, मटार, आलं, बटाटा, लिंबू आणि शोभेला ब्रोकोली असं सगळं मांडलेलं दिसलं तर ते एका शेतातलं नव्हे. शेतात एका वेळी तीन, फार तर पाच पिकं तोडणीला येतात. खऱ्या शेतकऱ्याचं टेबल बोडकं दिसतं: मेथीचा ढीग, तीन क्रेट टोमॅटो, पाटीभर वांगी आणि कोपऱ्यात बांधावरची बोरं. वांग्यांतली काही वाकडी, काही लिंबाएवढी, कारण निवडायला रात्री वेळच मिळालेला नसतो. लाल गाजराचं तर विचारूच नका. पुण्यात थंडीत येणारं बहुतेक लाल गाजर मध्य प्रदेशातून, इंदूरकडून येतं. त्याचा हलवा छान होतो, जरूर घ्या, पण ‘आमच्या मळ्यातलं’ म्हणून दहा रुपये जास्त देऊ नका.

‘सेंद्रिय आहे का’ हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच येतं. विचारा, ‘कधी तोडलं?’, ‘गाव कुठलं?’ आणि सगळ्यात कामाचा तिसरा, ‘पुढच्या रविवारी काय असेल?’ पिकवणारा माणूस यावर थांबतच नाही. ‘मेथी आज संपली बघा, दुसरा प्लॉट पंधरा दिवसांनी. कांदापात येईल, आणि थंडी टिकली तर हरभऱ्याचा डहाळा.’ माल उचलून आणणारा म्हणतो, ‘सगळं असेल, या तुम्ही.’

आता मंडईशी तुलना. पुण्याला छपराखालचा बाजार काही नवा नाही. शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरणारी मंडई १८८६ साली आजच्या अष्टकोनी इमारतीत गेली. तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. गंमत अशी की नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी या इमारतीवर पैसा घालायला विरोध केला होता, आणि पुढे मंडईला नाव त्यांचंच मिळालं. आता तर खालून मेट्रो जाते. पण मंडईत गाळ्यावर बसणारा पिढीजात विक्रेता आहे, शेतकरी नव्हे. तो मार्केट यार्डात ठोक घेतो आणि तुम्हाला किरकोळीत विकतो. ते काम तो उत्तम करतो. त्याच्याकडे सगळं असतं, बारा महिने असतं, आणि ज्या दिवशी आवक वाढते त्या दिवशी त्याच्याइतकं स्वस्त आम्ही देऊ शकत नाही.

शेतकऱ्याचं गणित वेगळं. मी गाळ्यावर माल टाकायचे तेव्हा संध्याकाळी हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी यायची. कोथिंबिरीच्या शेकडा जुड्यांचा भाव अमुक, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, मोटरभाडं वजा. एकदा तर सगळं वजा जाऊन भाड्यालाच आपल्या खिशातून वीस रुपये द्यावे लागले होते. २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे यार्डातच विकायची सक्ती गेली, आणि त्याच सुमारास सावता माळी महाराजांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांना जोर आला, तेव्हा आम्ही थेट तुमच्यापुढे आलो. इथे आडत (दलालाचं कमिशन) नाही, पण टेम्पो आहे, टेबलाचं भाडं आहे, आणि घरातला एक माणूस अख्खा रविवार उभा आहे. त्यामुळे पालेभाजी हातगाडीपेक्षा थोडी स्वस्त, फळभाजी साधारण तेवढ्यालाच, आणि तांदूळ, गूळ, डाळ वाण्यापेक्षा महाग पडणार. बटाटा, कांदा, आलं, लिंबू आणायला हॉलवर जायचं कारणच नाही, मंडई बरी.

हॉलच का, असंही लोक विचारतात. खरं कारण पौष आहे. पौषात मुहूर्त नसतात, कार्यालयं ओस पडतात, मालक कमी भाड्यात सकाळ देतात. (हल्ली लोक काढीव मुहूर्तावर पौषातही बार उडवतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्हाला ऐन वेळी एका शाळेच्या हॉलमध्ये जावं लागलं, आणि जुन्या जागेवर गिऱ्हाइकांना मुंडावळ्या बांधलेला नवरदेव भेटला.) उन्हाळ्यात बंद हॉलमध्ये भाजी उबते, थंडीत ती दुपारपर्यंत तरतरीत राहते, हा फायदा खरा आहे.

पण छपराखालच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे उजेड. कार्यालयातले झुंबराचे पिवळे दिवे टोमॅटोला लाल करतात आणि पिवळ्या पडलेल्या पालकाला सोनेरी. जुडी उचला, दारापाशी किंवा खिडकीपाशी नेऊन बघा. कोणी रागावत नाही. दुसरी खोड पाणी. पंख्याखाली पाला कोमेजतो म्हणून विक्रेते सारखं शिंपडत राहतात. वरून टवटवीत दिसणारी जुडी मध्ये बांधलेल्या जागी काळी पडलेली असते. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मेथीच्या दोनशे जुड्या रात्री भिजवून टेम्पोत रचल्या, वर ताडपत्री टाकली. सकाळी उघडल्या तर आतून वाफ आली. निम्म्या जुड्या हॉलच्या मागे गाईला घातल्या, आणि दिवसभर उरलेल्या विकताना मान वर करवत नव्हती. म्हणून जुडी घेतली की बंधाच्या जागी नाक लावा. ओल्या मातीचा वास चालतो, आंबूस वास नको. मुळांना माती असलेली जुडी घरी दोन दिवस जास्त टिकते, ती घाण म्हणून टाळू नका.

सकाळी आठच्या आत पोचलात तर पालेभाजी मिळेल. आत गेल्या गेल्या पिशवी काढू नका, एक चक्कर रिकाम्या हाताने मारा. कोणाकडे काय आहे, एकाच वस्तूचे भाव किती, आणि कोणत्या टेबलापाशी आजूबाजूचे विक्रेतेच घरासाठी घेतायत ते बघा. ही शेवटची खूण मला कधी फसवून गेलेली नाही. आणि सुटे पैसे ठेवा. तळघरातल्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते, आणि मागे रांग लागलेली असताना ‘पेमेंट होतंय, होतंय’ म्हणत उभं राहणं दोघांनाही नको होतं.

आता माल. थंडीतल्या बाजाराचं खरं वैभव पालेभाज्यांत आणि शेंगांत आहे, आणि शहरातले लोक नेमके तिथेच मेथी-पालकापुढे जात नाहीत.

हरभऱ्याची कोवळी भाजी बघा. डिसेंबरात झाडाचे शेंडे खुडतात, म्हणजे फुटवेही वाढतात आणि भाजीही मिळते. या पानांवर आंब असते, आंबटखारट. पूर्वी आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा उद्योग असायचा, रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरायचं आणि पहाटे दवाने भिजलेलं ते फडकं पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीवर. भाजीची सगळी चव त्या आंबेत आहे. विकणाऱ्याने माती जावी म्हणून धुऊन आणली असेल तर चवही नळाबरोबर गेली. म्हणून एक पान दोन बोटांत चुरगाळा आणि बोट जिभेला लावा. चुरचुरीत आंबट लागलं तर घ्या. घरी पण भिजत घालू नका, निवडून फडक्याने झटकून घ्या, लसणाची फोडणी आणि ज्वारीचं थोडं पीठ लावा. वाळवून ठेवली तर उन्हाळ्यात पिठल्यासारखी होते.

करडई तशीच. पानांच्या कडा बोटाला टोचायला लागल्या की तिचे दिवस संपले. चाकवत आणि चंदनबटवा यांत विक्रेतेही घोळ घालतात, तुम्हीही घाला, दोन्ही ताकातच शिजवायच्यात. चुका मात्र मागून घ्या. आंबट चुका घातल्याशिवाय थंडीतली डाळ मला तरी अळणी वाटते.

मटाराचं तुमचं जे झालं ते सगळ्यांचं होतं. पुरंदरचा मटार प्रसिद्ध आहे, पण आमचा मोठा हंगाम पावसाळ्यातला. थंडीत आमच्याकडे लागवड असते, तरी थोडी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात मटाराचे जे ट्रकच्या ट्रक येतात ते मध्य प्रदेशातून, जबलपूरच्या बाजूने. स्वस्त असतो, टपोरा असतो, पण रस्त्यात दिवस जातात. आणि मटाराची गोडी तोडल्या क्षणापासून उतरू लागते, साखरेचं पिठूळ होत जातं. त्यामुळे जानेवारीत प्रत्येक टेबलावर ‘सासवडचा मटार’ दिसला तर मी सासवडची असून सांगते, शंका घ्या. घेताना टच्च भरलेली गोल पाठीची शेंग लोक शोधतात. तीच निबर. दाणा आत किंचित मोकळा हवा. मूठभर शेंगा हातात घेऊन एकमेकींवर घासा, ताज्या शेंगा करकरतात. देठाजवळची टोपी हिरवी आहे की वाळून तपकिरी झाली आहे ते बघा. आणि एक शेंग सोलून कच्ची खा. खाऊ न देणाऱ्याकडून घेऊच नका. घरी आल्यावर टीव्हीसमोर बसून त्याच संध्याकाळी सोला, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाका, कोरडे करून फ्रीझरमध्ये. बुधवारपर्यंत शेंगा तशाच पिशवीत ठेवल्या तर शेतकऱ्याकडून घेतल्याचा काही उपयोग नाही.

पावट्याला मात्र पुरंदर, भोर, मुळशी सगळीकडे हीच वेळ. पावटा वासाने घ्यायचा असतो. चांगली थंडी पडली, सकाळी दव पडलं, की शेंगेवर एक तेलकट चिकटा येतो. दोन शेंगा बोटांत फिरवल्या तर बोटांना वास राहतो, हात धुतला तरी जात नाही. आमच्या घरी त्या वासावरूनच कळायचं की आई शेतातून आली. वास नसेल तर शेंग उन्हातली किंवा शिळी. ढगाळ हवा झाली की पावट्यावर मावा (बारीक कीड) पडतो, देठाशी काळे ठिपके गोळा झालेले दिसतात. तेवढं धुऊन निघतं, पण शेंग काळवंडली असेल तर सोडा. आणि तुरीच्या ओल्या शेंगा दिसल्या तर पावट्याबरोबर पाव किलो घ्याच, मीठ घालून नुसत्या उकडा.

हुरड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे फसगत पुष्कळ. हुरडा ही ज्वारीची दाणा भरण्याची एक अवस्था आहे, फार तर आठवडाभराची. हुरड्याच्या जाती वेगळ्या असतात, सुरती, गूळभेंडी. मालदांडीची, म्हणजे भाकरीच्या ज्वारीची कणसं कोणी हुरडा म्हणून दिली तर खाता येतात, पण ती गोडी नाही. दाण्यावर नख दाबा. पांढरं दूध उडालं तर अजून चार दिवस आहेत. नख मऊ पिठात रुतल्यासारखं गेलं तर हुरडा. नख टेकूनच राहिलं तर आता भाकरीच. हॉलमध्ये आगटी पेटवता येत नाही, कार्यालयाचा मालक आम्हालाच पेटवेल, त्यामुळे तिथे भाजून चोळलेला हुरडा पाकिटातून मिळतो. तो सकाळी चोळलेला असला तर ठीक, पण कालचा असेल तर चामट. मी कणसं घ्यायला सांगते, देठासकट. घरी गॅसच्या बारीक आचेवर वांग्यासारखं फिरवत भाजायचं, कापडात गुंडाळून तळहातावर चोळायचं, आणि लगेच खायचं, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी आणि दही घेऊन. गोवरीच्या आगटीची धुरकट चव गॅसवर येत नाही, ते मान्य. ती हवी तर शेतावरच या.

फळांत स्ट्रॉबेरी आणि अंजीर ही दोनच सांगते, पेरू-बोरं तुम्हाला कळतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली, पण मानांकन डब्याच्या तळाशी काय आहे ते सांगत नाही. डबा उचलून उलटा बघा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. टोपीखाली पांढरा कंठ असेल तर ती लाल होईलही, गोड होणार नाही. मोठीच्या मागे लागू नका. धुऊन ठेवू नका, खाताना धुवा. अंजिराचं असं की आमच्याकडे खट्टा बहाराचं थंडीत येतं आणि मीठा बहाराचं उन्हाळ्याच्या तोंडाशी. थंडीतलं तितकं गोड नसतं, आणि माल कमी म्हणून भाव त्यालाच जास्त, हे मी पुरंदरची असून कबूल करते. मान झुकलेलं, हाताला मऊ, सालीला बारीक तडे गेलेलं घ्या, आणि त्याच दिवशी खा. कडक अंजीर घरी पिकेल म्हणून घेतलं तर ते सुरकुतेल, एवढंच. जानेवारीअखेर द्राक्षं सुरू होतात. त्यांच्यावरची पांढरी लव औषधाची नसते, द्राक्षाचीच असते. लव पुसलेली, चकचकीत द्राक्षं म्हणजे खूप हातांतून आलेली.

तांदूळ घ्यायचा असेल तर याच दिवसांत घ्या. मुळशी, मावळ, भोरचं भात दिवाळीच्या मागेपुढे काढलेलं असतं आणि डिसेंबरात नवा तांदूळ गिरणीतून येतो. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली जात, १९८७ सालची, आंबेमोहराच्याच वंशातली. ती भरघोस पिकते म्हणून शेतकऱ्याने उचलली. आंबेमोहर कमी पिकतो, म्हणून मागे पडला, आणि आज आंबेमोहर म्हणून दुकानांत जो मिळतो त्यातला बराचसा बाहेरच्या राज्यातला असतो. हॉलवर मुळशीचा शेतकरी भेटला आणि त्याच्याकडे दोन-चारच पोती आंबेमोहर असेल तर बोला. मूठभर दाणे तळहातात घेऊन तोंडाची वाफ द्या आणि वास घ्या. मंद यायला हवा. पोतं उघडताच भपकन येणारा वास मला आवडत नाही, तो पहिल्या धुण्यातच जातो. नवा तांदूळ पाणी कमी मागतो आणि चिकट होतो. मेतकूट-भाताला, गुरगुट्याला तोच. मसालेभाताला नवा तांदूळ घेऊन खिचका झाला म्हणून शेतकऱ्याला फोन करणारे दरवर्षी भेटतात. जुना आहे का विचारा, बहुतेकांकडे घरापुरता असतो, त्यातला किलोभर देतात. हातसडीचा घेतला तर थोडाच घ्या, त्याला लवकर कीड लागते.

आणि आता तुमचे लाडू. गुळात तुमची फसवणूक झाली असेलच असं नाही. पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असतो हे लोकांना कळल्यापासून काळा दिसला की सेंद्रिय अशी समजूत झाली आहे. काळा गूळ नुसता जास्त कढलेला किंवा जुनाही असू शकतो. तुकडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर सोडा. पण लाडू न वळण्याचं कारण वेगळं आहे. तिळाच्या कडक लाडवाला चिक्कीचा गूळ लागतो, त्याचा पाक ताणतो आणि तीळ धरून ठेवतो. साधा गूळ, मग तो कितीही शुद्ध असो, पोळीला, मऊ वडीला, आमटीला. त्या गुळाचं तुम्ही कूट घालून मऊ वड्या थापा, वाया जाणार नाही. पुढच्या वेळी टेबलावर ‘चिक्कीचा आहे का’ एवढंच विचारा. दौंडकडचे गुऱ्हाळवाले ठेवतात. काकवीही त्यांच्याकडेच घ्या.

मध थंडीत बाटलीत गोठला म्हणजे साखर घातली असं नाही, चांगला मधही रवाळ होतो. कोमट पाण्यात बाटली ठेवा. तूप, पापड, लोणची, चटण्या यांत माझं मत विचारू नका, त्या टेबलांवर सगळ्यात जास्त गर्दी असते आणि शेतीशी त्यांचा सगळ्यात कमी संबंध असतो.

सेंद्रियबद्दल मात्र दोन शब्द बोलावे लागतील. ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ हे पाटीवर कोणीही लिहू शकतं. छोट्या शेतकऱ्यांच्या गटांना पीजीएस-इंडियाचं (गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, त्या सरकारी पद्धतीचं) प्रमाणपत्र मिळतं, त्यावर गटाचं आणि शेतकऱ्याचं नाव असतं. ‘ग्रीन’ लिहिलेलं असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे, ‘ऑरगॅनिक’ असेल तर पूर्ण झालं आहे. बघायला मागा. असेल तो आनंदाने दाखवतो. नसेल तरी माणूस खोटाच असं नाही, पण मग त्याने सेंद्रियचा भाव लावू नये. आणि कोबीच्या पानाला भोकं आहेत म्हणजे औषध मारलं नाही, हा समज सोडा. थंडीत कोबी-फ्लॉवरवर अळी जोरात असते, औषध मारूनही भोकं राहतात. भोकं बघून कोबी घेणाऱ्या एका काकांना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘अळीने खाल्लाय म्हणजे आम्ही खायला हरकत नाही.’ त्यांना उत्तर देता आलं नाही मला.

घासाघीस करावी का? एका जुडीवर पाच रुपयांसाठी नको. पाच किलो पावटा किंवा दहा किलो तांदूळ घेत असाल तर जरूर विचारा, आम्हीही विचारतो. आणि साडेबारानंतर भाव आपोआप उतरतात, कारण उरलेला पाला परत घाट चढवून नेण्यापेक्षा दोन जुड्या एकीच्या भावात गेलेल्या बऱ्या. पण तेव्हा निवड राहत नाही. भोगीच्या आधीच्या रविवारी मात्र उशिरा येऊ नका. त्या दिवशी पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरं, ऊस, गाजर, वांगी, भुईमुगाच्या शेंगा सगळ्यांना एकदमच हवं असतं, भाव चढतो, आणि ‘भोगीचा वाटा’ म्हणून बांधून ठेवलेल्या पिशवीत तळाला मऊ पडलेली वांगी घालणारेही असतात. वाटा सोडून बघा, नाहीतर सुटं घ्या.

शेवटचं म्हणजे मागणी आधी सांगा. आम्ही काय तोडायचं ते शुक्रवारी रात्री ठरतं, आणि ज्याला कोणी विचारत नाही ते शेतात तसंच राहतं. कोथरूडच्या एक आजी दर गुरुवारी आमच्या गटातल्या एका वहिनींना फोन करून एकच वाक्य बोलतात, ‘चुक्याच्या तीन जुड्या, माझ्या नावाने.’ त्यांच्यामुळे गेल्या वर्षी वहिनींनी चुक्याचा एक वाफा वाढवला. यंदा आठ वाजेपर्यंत तो संपतो, पण आजींच्या तीन जुड्या टेबलाखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात.